गाडीतच काहीतरी असेल

डेस्मंड आपली जुनी लाल स्पोर्ट्स कार घेऊन महिन्यात तिसऱ्यांदा माझ्या कॉव्हेंट्रीच्या गॅरेजात आला.

"नॉर्मन, स्टिअरिंग अजून जडच आहे. डावीकडे वळताना तर जीव जातो."

"का रे म्हाताऱ्या, मिरवायला रुंद टायर चढवलेस की काय?"

"चाळीस वर्षं त्याच मापाचे टायर आहेत. तू बघ ना नीट."

हवा बरोबर होती. ग्रीस तर मीच मागच्या खेपेला भरलं होतं. जॅक लावून पुढची चाकं अधांतरी केली आणि एका बोटाने स्टिअरिंग फिरवलं. सहज फिरलं.

"आता तू बस आणि फिरव."

त्याने दोन्ही हात लावले. डावा हात घसरून मांडीवर पडला. मी चाकापाशी वाकलोय, बघत नाही, असं समजून त्याने तो उजव्या हाताने उचलला आणि पुन्हा स्टिअरिंगवर ठेवला.

मी वाकलेलाच राहिलो. उगाच एक नट पिळत बसलो.

"सापडलं का रे काही?" वरून त्याचा आवाज आला. "सगळी खोलून बघ, नॉर्मन. गाडीतच काहीतरी निघू दे."