श्रीखंडाची गोळी

देवराम जिना चढून आला तेव्हा आत हसण्याचा नुसता धिंगाणा चालला होता. त्याच्याच घरात! नात सान्वी कोणाची तरी नक्कल करत होती. घुर्र, घुर्र, मग बारीक शिट्टी. अरेच्चा, हे तर आपलंच घोरणं! त्याला दारातच हसू फुटलं.

आपल्या चपला वाजल्या की घर गप्प होतं, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं चपला हातात घेतल्या आणि चावी हळूच फिरवली. आज तरी आपल्याला या हसण्यात घ्यावं, एवढंच त्याला हवं होतं.

पण मेलं लॅच वाजलंच. शालननं नवऱ्याला बघून टीव्ही बंद केला. चाळिशीच्या मुलानं, महेंद्रनं, सोफ्यावरचे पाय खाली घेतले. सून उगाच उशा नीट करायला लागली.

आता कोणावर चिडणार? जन्मभर रेल्वेत रात्रपाळी केली. दिवसा झोपायचं ते ठाकुर्लीच्या एका खोलीत, पोराबाळांच्या मध्ये. महेंद्रनं जरा आवाज केला की पट्टा. गप्प बसला की उठल्यावर श्रीखंडाची गोळी, आणि वर "शहाणं बाळ!" नोकरी संपली, गोळ्या खिशात राहिल्या. त्या आता सान्वीला मिळत.

"अरे, चालू द्या ना! एवढं काय हसत होतात?"

"काही नाही पप्पा. असंच," महेंद्र म्हणाला.

देवराम सान्वीसमोर खालीच बसला. "माझी नक्कल करत होतीस ना गं? बाहेरून ऐकली मी. एकदम भारी! परत कर, मला पण हसू दे." त्यानं खिशातून गोळी काढली. "घोरून दाखव, की ही तुझी."

सान्वीनं गोळीकडे पाहिलं, मग बापाकडे. महेंद्रची मान जराशी हलली. नको.

तिनं नीट मांडी घातली. एका हाताचं बोट ओठांवर ठेवलं आणि दुसरा हात गोळीसाठी पुढे केला.

"अगं, तसं नाही. आवाज कर. हस ना!"

तिनं बोट आणखी घट्ट दाबलं. हात तसाच पुढे. देवरामला रडू आलं, पण तेही या घरात मोठ्यानं कसं रडायचं? शेवटी त्यानं गोळी तिच्या तळहातावर ठेवली.

"शहाणं बाळ," महेंद्र हळूच म्हणाला.