उपड्या पातेल्यावरची भाकरी

सूरजला कामासाठी पोलंडला जाऊन महिना झाला होता. पावाला कंटाळून त्याने कुठून तरी तांदळाचं पीठ मिळवलं आणि गावी, कापड्याला, आईला व्हिडिओ कॉल लावला. खोलीत ना तवा ना परात, फक्त एक पातेलं आणि ओव्हनचा ट्रे. दोन भाकऱ्या तुटल्या होत्या. पीठ आता एकाच भाकरीपुरतं उरलं होतं.

"तव्याबिगर भाकरी कशी व्हनार रे?" ठकूबाईने हात टेकले.

तिचा नवरा येसाजी ओटीवर बसून ऐकत होता. 'मला रांधायचं कायच कळत नाय' म्हणत त्याने लग्नापासून घरात साधा चहाही केला नव्हता. तो उठून आत आला.

"पीठ उकळत्या पान्यात भिजव. पातेलं शेगडीवर उपडं घाल. आता ट्रेवर थाप, हात ओला ठेव. टाक. वरनं पानी फिरव, नि सुकायच्या आत उलट."

भाकरी टम्म फुगली.

"बाबा, तुम्हाला कसं येतं हे?"

"मुंबईला कामाला होतो तवा गावकीच्या खोलीत आमी एकाच गावचे धा-बारा गडी. रांधायची पाळी असायची. माझ्या पाळीला शेजारच्या खोलीतली मानसंपन जेवायला यायची," येसाजी अभिमानाने बोलून गेला.

फोन बंद झाला. ठकूबाई ओटीवर गेली आणि पाय पसरून बसली.

 

"चूल पेटलेली हाय," ती म्हणाली. "मला दोन भाकऱ्या बास."