उपवासाचा लाडू

"कुठल्या गावच्या तुम्ही?" शेजारी येऊन बसलेल्या अनोळखी बाईने मायेने विचारलं आणि हेमलता दचकून बाकावर थोडी बाजूला सरकली.

रिपोर्ट वाईट आला, की डॉक्टरांनी बोलावण्याआधी या दवाखान्यात हुबेहूब माणसासारखं यंत्र शेजारी येऊन धीर देतं, हे तिला ठाऊक होतं. यंत्राला फक्त खाता येत नसे.

तिने डबा पुढे केला. "चिवडा घ्या ना."

"नको हो, आज माझा गुरुवारचा उपवास."

हेमलताचा जीव भांड्यात पडला. यंत्र कुठे उपवास करतं! ती भडाभडा बोलत सुटली, बोलता बोलता तिने पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढला. "हा चालतो की!"

बाईने लाडू घेतला, गोड हसली, मुलांची चौकशी करत राहिली.

आतून हेमलताचं नाव पुकारलं, तेव्हाही लाडू बाईच्या तळहातावर तसाच होता.