काडेपेटीतली आई

“आई दिवसेंदिवस लहान होत जाते. का होते, ते सांगायचं नाही. म्हणजे झाली कला,” दादा रेकॉर्डरमध्ये बोलला आणि मागे वळूनही न पाहता म्हणाला, “तू गप्प बसायचंस हं. ज्याने खेळ बनवला त्याने मी खेळताना तोंड उघडायचं नाही, हा माझ्याकडचा नियम. सख्खी बहीण असलीस म्हणून सूट नाही.”

“मी कुठे काय बोलले?” धाकटी म्हणाली.

“श्वास मोठ्याने घेतेयस.”

ती त्याच्या खुर्चीमागे स्टुलावर बसली होती. दादा व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहायचा. त्याने नाक मुरडलं की भलेभले खेळ धूळ खात पडायचे. तिचा खेळ बाजारात आणू म्हणणारी कंपनीसुद्धा ‘आधी तुमच्या भावाचं मत येऊ दे’ म्हणून अडून बसली होती.

पडद्यावर एक स्वयंपाकघर होतं. दिवसभर कारखान्यात धुक्याच्या घड्या घालून खोक्यांत भरायच्या आणि घरी येऊन आईला दूध पाजायचं, एवढाच खेळ. सुरुवातीला आई इतकी उंच की चौकटीतून वाकून आत यायची. पुढे ती पाटाएवढी झाली, मग कपात मावली. आता ती खिडकीतल्या काडेपेटीत निजली होती आणि दुधाचा थेंब काडीच्या टोकाने द्यावा लागत होता.

“धुक्याच्या घड्या!” दादा रेकॉर्डरला म्हणाला. “कष्ट दाखवायचे तर घाम दाखवा. इथे दुःखाला इस्त्री करून ठेवलीय. आणि लोकांना रडवायचंच असेल तर कांदा स्वस्त पडतो.”

वहिनी चहा घेऊन आत आली. “जीभ आहे की सुरी? निदान बहिणीपुरती तरी म्यान करा.”

“घरचं म्हणून साखर घालायचीय ना? ती चहात घाल.”

खेळातल्या भिंतीवर एक कोट टांगलेला होता. त्या घरातला थोरला मुलगा म्हणजे हा कोट. बटण दाबलं की तो बाही हलवून म्हणायचा, “या रविवारी नक्की.” दादाने पुन्हा दाबलं. “या रविवारी नक्की.”

“हे पात्र सगळ्यात कच्चं,” दादा म्हणाला. “आई काडेपेटीत गेली तरी हा आपला खुंटीवरच! असा मुलगा असतो का कुठे? करणारीला माणसं कळत नाहीत.”

वहिनी पडद्याशी वाकली. “अहो, हा तर तुमचाच कोट! कोपरावरचं हे ठिगळ मीच नाही का लावलं?”

“असे कोट ढिगाने मिळतात.”

धाकटीने मान खाली घातली. मत चांगलं यावं असं तिला वाटत होतंच. पण त्याने ओळखावं, हे त्याहून जास्त वाटत होतं. त्या ठिगळाचा टाका न् टाका तिने त्यासाठीच रंगवला होता.

तेवढ्यात दादाचा फोन वाजला. “संपादकांचा आहे. आलोच,” म्हणत तो गॅलरीत गेला.

खेळ थांबला नाही. तो थांबतच नसे. तिने तो तसाच केला होता. काडेपेटीतून बारीक हाक आली. दुधाची वाटी शेजारीच होती, काडीही होती, पण खेळणाऱ्याचा हात नव्हता. बाहेर दादा कशाला तरी खो खो हसत होता. आत आई काडीच्या गुलाएवढी झाली.

“अगं, बघत काय बसलीस?” वहिनीचा आवाज चढला. “दाब ना ते बटण! दे तिला दूध!”

रिकाम्या खुर्चीपलीकडचं बटण धाकटीच्या हाताच्या टप्प्यातच होतं. तिची बोटं उचलली गेली. तिने ती दुसऱ्या हातात घट्ट धरून मांडीवर ठेवली.

“खेळणारा तो आहे,” ती म्हणाली.

आणखी एक हाक आली. पुढची आली नाही.

दादा हसतच परतला. “हं, कुठे होतो आपण? अरे, आई कुठे गेली?” त्याने पडद्यावरची काडेपेटी उघडली, उलटी केली, दोनदा झटकली. “काहीतरी बिघडलंय. दुरुस्त कर हे.”

“बिघडलं नाही, दादा. ती गेली.”

“गेली म्हणजे? मी आलोच होतो की! जरा थांबायला काय झालं होतं?”

वहिनीने हातातला कप खाली ठेवला.

“आईंच्या वेळी दवाखान्याच्या दारातसुद्धा तुम्ही हेच म्हणालात,” ती म्हणाली. “अगदी हेच.”

दादाने तिच्याकडे पाहिलं नाही आणि धाकटीकडेही पाहिलं नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्याने रेकॉर्डर तोंडाशी नेला, घसा खाकरला आणि परीक्षणाच्या कोरड्या आवाजात सांगायला लागला, “मुख्य दोष. यातली आई मुलाची वाट पाहत नाही. असा शेवट कुणालाही पटणार नाही. हा खेळ घेऊ नये.”

कंपनी आता आपल्याला दारातही उभं करणार नाही, हे धाकटीला कळलं. ती उठली आणि पहिल्यांदाच त्याच्या समोर येऊन उभी राहिली.

“हे असंच छाप, दादा,” ती म्हणाली. “एक शब्दही बदलू नकोस. आणि खाली तुझं पूर्ण नाव घाल.”