खाच कुणीकडं बघते

जीपच्या प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर पुन्हा बोटभर वरच अडकला. गोरक्षनाथने तो अलगद उचलला, पुसला आणि मडगार्डवर ठेवला. इंजिनाच्या त्या खोल भोकात, अगदी तळाशी, ऑइल पंपाचा दांडा होता. दांड्याच्या डोक्यावर एक खाच. ती नेमक्या दिशेला आली की डिस्ट्रिब्युटर आपोआप खाली बसतो, हे त्याने झोपेतही सांगितलं असतं. पण खाच दिसतच नव्हती.

कित्येक महिने जग असं दुधात बुडालेलं होतं. श्रीरामपूरचा रस्ता, समोरची बाभळ, दुष्काळी कामावर निघालेली माणसं, सगळं सायीखालून सरकायचं. कधी कधी बाभळच चालायला लागायची. त्याला ते सुंदर वाटायचं. मग भीती वाटायची. आंधळ्या मिस्त्रीकडे गाडी कोण देणार? म्हणून तो कुणाजवळ बोलला नव्हता. बायकोजवळही नाही. डॉक्टरांची ही जीप आज जमली नाही, तर उद्यापासून गॅरेज उघडायचंच नाही, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

दुपारी त्याची बायको पुष्पावती भाकरी घेऊन आली. डोळ्यांत घाम गेलाय, जरा आत बघ, असं त्याने तिला सांगितलं. ती बॉनेटखाली वाकली. खाच कुणीकडं बघते, त्याने विचारलं.

“माझ्या माहेराकडं,” ती म्हणाली.

तिचं माहेर नेवाशाकडं, उगवतीला. त्याला हसू आलं. जीपखाली सरकून त्याने पंप सोडवला, बाहेर ओढला, त्याच्या चाकाचा एक दाता पुढं फिरवला आणि परत आत ढकलला. आत जाता जाता दांडा थोडा वळला, ते त्याला तळहातात कळलं. आता खाच बाभळीकडं बघते, असं ती वरून म्हणाली.

हवी होती ती दिशा हीच. त्याने बाहेर येऊन डिस्ट्रिब्युटर भोकात सोडला. पाण्यात घागर बुडावी तसा तो खाली गेला आणि बसला.

थोड्या वेळाने जीप सुरू झाली. पहाटेच्या जात्यासारखी, संथ. गोरक्षनाथ नुसता ऐकत उभा राहिला. मग बाभळीखाली बसून तोंड पुसत तो पुन्हा घामाचं काहीतरी सांगू लागला.

पुष्पावतीने त्याचा हात धरून त्यावर भाकरी ठेवली.

“ऱ्हाऊ द्या,” ती हळूच म्हणाली. “दिवाळीपासनं घरातली एकबी वस्तू मी जागची हलवली न्हाई.”