डावं टेबल, उजवं टेबल

मुलानं गाडी दुकानाच्या बाजूच्या अंगणात लावली आणि किल्ली माईच्या हातात दिली.

"आता तू फाटकाबाहेर उभा राहा," माई म्हणाली. "तुझं तोंड त्यांनी पाहिलंय. माझं अजून पाहायचंय."

मुलगा गुमान गेला. जुनी गाडी घ्यायला गेल्या महिन्यात तो इथंच आला होता, बायकोला घेऊन. आई बरोबर असली की सौदा मोडतो, असं त्याचं म्हणणं. सौदा मोडला नाही, गाडी मात्र सरळ रस्त्यावर डावीकडं ओढायला लागली. त्याच गाडीत बाळाला बसवून सून रोज कामाला जायची. मुलगा तक्रार घेऊन आला तेव्हा विकणाऱ्यानं त्याला चहा पाजला आणि हळूच विचारलं, "साहेब, वहिनींनी कुठं ठोकली तर नाही ना?" त्या संध्याकाळी मुलगा गाडीभोवती वाकून वाकून ओरखडे शोधत होता. सुनेनं खिडकीतून पाहिलं. तेव्हापासून घरात भांड्यांचाच काय तो आवाज.

दुकानात दोन टेबलं होती. डाव्या टेबलावर गाड्या विकायच्या, उजव्या टेबलावर लोकांच्या विकत घ्यायच्या. डावीकडचा गोडबोल्या एका जोडप्याला टेबलाशेजारी उभी केलेली लाल गाडी दाखवत होता. त्यांची चिमुरडी मागच्या सीटवर बसून उड्या मारत होती. "एका साहेबांची गाडी होती," तो सांगत होता. "फक्त रविवारी बाहेर काढायचे. एक ओरखडा दाखवा."

माईच्या कपाळाला आठी पडली. मुलाला गाडी विकतानाही असाच एक साहेब सांगितला होता, रविवारचाच.

ती उजव्या टेबलाकडं गेली. "गाडी विकायचीय. मुलगा कागद घेऊन येतोच आहे. तोवर बघून घ्या."

उजवीकडचा चष्मेवाला उठला. चेहरा असा, जणू समोरचा माणूस त्याला लुबाडायलाच आलाय. अंगणात जाऊन त्यानं गाडीला एक चक्कर मारली, बॉनेट उघडलं, आत टॉर्च मारला, खाली वाकला, दार दोनदा आपटून पाहिलं. मग गुडघे झाडत टेबलाशी परत आला.

"आजी, गाडीत दम नाही."

"मोठ्यानं बोला बाबा," माईनं कानामागं हात धरला. "ऐकू कमी येतं." खरं तर तिसऱ्या घरातली कुजबुज तिला आपल्या चुलीपाशी ऐकू यायची.

चष्मेवाल्यानं आवाज चढवला. "गाडीत दम नाही म्हटलं. ठोकलेली गाडी आहे."

"ठोकलेली? आम्ही घेतली तेव्हा नवरीसारखी होती हो."

"नवरीला नटवलेलं होतं. पुढचा एक दिवा जुना, एक नवा. बॉनेटचे नट उघडून बसवलेत, त्यांच्यावरचा रंग उडालाय. खालची मुख्य पट्टी वाकलेली सरळ करून जोडलीय. म्हणून एकीकडं ओढत असेल."

"ओढते खरी. माझ्या सुनेनं परवा कुठं ठोकली असेल का हो?"

चष्मेवाला तुच्छतेनं हसला. मालाला नावं ठेवून भाव पाडायची सवय त्याच्या जिभेवर घट्ट बसली होती. "परवा कसली? जोडाला गंज चढलाय. वर्ष झालं असेल या गोष्टीला. आणि स्टिअरिंगमधला फुगा उडालेला आहे. नुसतं वरचं झाकण बसवलंय. आत पोकळ."

"फुगा म्हणजे?"

"गाडी आदळली की फुगतो तो. जीव वाचवतो माणसाचा." आता तो जवळजवळ ओरडत होता. "तो नाहीच आहे, आजी. कुणी विकली तुम्हाला ही? चांगलंच फसवलंय. आम्ही घेऊ, पण भंगाराच्या भावानं."

डाव्या टेबलापाशी गोडबोल्याचा रविवार अर्ध्यात तुटला.

माईनं कानामागचा हात काढला. फाटकाकडं वळून हाक मारली, "ये रे आत. कागद आण. आणि हे काय म्हणतायत ते ऐकून घे, घरी सांगायला लागेल."

मुलगा आत आला. गोडबोल्यानं त्याला पाहिलं, मग काचेतून अंगणातली गाडी पाहिली, मग चष्मेवाल्याकडं असं पाहिलं की चष्मेवाला चष्मा काढून पुसायलाच लागला.

"आजी," गोडबोल्या लगबगीनं पुढं आला, "तुम्ही आत बसा ना. एसीत. थंड काही घ्या. आपण निवांत बोलू."

"मी इथंच बरी आहे. तुमच्या उजव्या हाताला कळतं ते डाव्याला कसं कळलं नाही, एवढंच बघायला आले."

"त्यांचा काहीतरी गैरसमज झालाय. गाडी एकदम ठणठणीत आहे, मी शब्द देतो."

"शब्द राहू द्या." माईनं किल्ली तळहातावर ठेवून हात पुढं केला. "पट्टा लावा, मोठ्या रस्त्यावर जा, गाडी पळवा आणि एकदा जोरात ब्रेक दाबून या. हे चष्मेवाले शेजारी बसतील. आम्ही थांबतो."

गोडबोल्यानं चष्मेवाल्याकडं पाहिलं. चष्मेवाल्यानं जमिनीकडं. मुलगा तर केव्हापासून जमिनीकडंच बघत होता.

माईचा हात तसाच पुढं राहिला, किल्लीसकट.

पलीकडं लाल गाडीचं मागचं दार उघडलं. चिमुरडीच्या आईनं पोरीला सीटवरून उचललं आणि कडेवर घेतलं.