तिसऱ्यांदा अडली तर

"परत गंज!" हवालदाराने बंदूक टेबलावर आपटली. "मिस्त्री, आता तूच सांग. हिला काय मांडीवर घेऊन झोपू?"

"झोप की. वहिनींची हरकत नसेल तर."

वहिनी आत भांडी घासत होत्या. त्या हसल्या नाहीत.

मिस्त्रीचं सगळं आयुष्य बंदुका दुरुस्त करण्यात गेलेलं. या खाडीवरच्या चौकीत त्याला मुख्य ठाण्यातून मुद्दाम धाडलं होतं, आणि हवालदार जुना दोस्त, म्हणून मुक्काम त्याच्याच घरी. खाडीपलीकडून चोरटा माल यायचा. हाक मारूनही कोणी थांबलं नाही तर गोळी घाला, असा हुकूम होता. दोन महिन्यांत दोनदा पहाटे कोणीतरी होडीतून उतरलं, दोनदा हवालदाराने चाप ओढला आणि दोन्ही वेळा घोडा अडकला. साहेबांनी लेखीच कळवलं होतं: तिसऱ्यांदा अडली तर घरी बसा.

"बत्तीस वर्षं इमानदारीने काढली रे," हवालदार म्हणाला, "आणि आता जाता जाता या गंजापायी नाक कापलं जाणार. दिवसातून चारदा पुसतो मी हिला!" त्याचे डोळे भरून आले.

तीन दिवस मिस्त्रीने जिवाचं रान केलं. चामड्याची पिशवी फेकून दिली, कारण ती ओल धरून ठेवते. गारठ्यातून आणलेली बंदूक चुलीशेजारी ठेवू नको, तिला घाम सुटतो, असं हवालदाराला बजावलं. जाड ग्रीस खरवडून पातळ तेलाचा हात दिला. रात्री आरशासारखी चकचकीत करून ठेवावी आणि सकाळी उघडून बघावं, तर आत पुन्हा तांबडा थर! अशी वाह्यात बंदूक त्याने जन्मात पाहिली नव्हती.

चौथ्या दिवशी तो उजाडायच्या आत उठला. आतला थर बोटावर घेऊन त्याने जिभेला लावला. खारट. वाऱ्यातलं मीठ वरवर बसतं, इतक्या आत जात नाही. हे कोणीतरी ओतलेलं होतं. आणि घरात माणसं तीनच.

त्याने बंदूक पुरती खोलली, गोड्या पाण्याने धुतली, कोरडी केली, तेल दिलं आणि गस्तीला निघालेल्या हवालदाराच्या हातात ठेवली.

"आज अडली तर माझं नाव बदल," तो म्हणाला.

मग चहा घेता घेता त्याने हळूच विषय काढला. "वहिनी, मला कळलंय. मिठाचं पाणी."

वहिनींनी कपबशी खाली ठेवली.

"घाबरू नका, मी त्याला सांगणार नाही. मला समजतं हो. एकुलता एक पोरगा, बापाशी भांडून गेला. बापाने दार बंद केलं ते केलंच. चार वर्षं इथं एकटं घर खायला उठत असेल. याची नोकरी सुटली की तुमचीही सुटका, असंच ना? पण वहिनी, या वयात त्याची अब्रू जाईल. मी बदलीसाठी शब्द टाकतो. बंदूक मी साफ करून दिलीय."

"कधी?"

"आत्ता. घेऊन गेला की तो."

वहिनी उठल्या आणि तशाच अनवाणी दाराकडे धावल्या. बाहेर धुकं उतरलं होतं. "अहो!" त्या जीव खाऊन ओरडल्या. "अहो, थांबा!"

खाडीकडून बार ऐकू आला.

मिस्त्रीने मांडीवर थाप मारली. "वा रे पठ्ठे! ऐकलंत, वहिनी? पहिल्याच झटक्याला!"

वहिनी उंबऱ्यावरून मागे वळल्या.

"त्या होडीत माल नसतो, भाऊजी," त्या म्हणाल्या. "माझा पोरगा असतो."